पहिली घागर

घागर खांद्यावर घेऊन मी वेशीत आलो तेव्हा शिवतेज कमानीखाली फोनवर बोलत उभा होता. शिवतेज आमच्या उत्सव समितीचा अध्यक्ष. पोरगा कामाचा आहे, डाळिंबाची बाग सांभाळून गावाचं सगळं करतो, पण समोर माणूस आणि कानाला फोन असला की त्याला फोनच आधी ऐकू येतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं, मागं ढोल घेऊन आलेल्या आमच्या वस्तीच्या माणसांकडं बघितलं आणि फोन खाली घेतला.

"आबा, ही कशापायी आणली?"

"कशापायी म्हंजे? औंदा पाळी आमची हाय."

"आवं, ज्ञानूदा काय बोलला न्हाई का तुमास्नी?"

ज्ञानू माझा थोरला मुलगा. रात्री माझ्यासमोर बसून जेवला होता. आज भाकरी लहान झाल्यात, असं आईला म्हणाला. दुसरं काही बोलला नव्हता.

"काय बोलायचं हुतं?"

शिवतेजनं वर कमानीकडं बघितलं. तिथं मोठ्या भगव्या अक्षरांत 'शिवराज्याभिषेक सोहळा' असं लिहिलेलं होतं. "औंदापासनं विहिरीचं पाणी बंद केलंय," तो म्हणाला. "मिटिंगीत ठरलं. ग्रुपवर टाकलंय."

"माझा फोन बटनाचा हाय."

"म्हणूनच ज्ञानूदाला सांगितलं हुतं. आबा, तुमीच बगा, गेल्या साली समद्या वस्त्यांनी पाणी घातलं आन् नव्या मूर्तीवर पांढरं डाग पडलं. सांगलीस्नं पॉलिशवाला आणावा लागला. आपल्या पाण्यात क्षार किती, तुमास्नी काय सांगायचं? औंदा जारचं पाणी. शुद्ध. टेकवा ती घागर खाली, च्या घ्या."

टेकवा म्हणाला. सगळी अडचण तिथंच होती.

आमच्या गावाला वस्त्या पुष्कळ. आटपाडीच्या पूर्वेला गाव असं एका जागी नसतंच, रानभर विखुरलेलं असतं. बिरोबाच्या जत्रेत प्रत्येक वस्तीनं आपल्या विहिरीची घागर आणून देवावर घालायची ही जुनी चाल. पहिली घागर कोणाची, त्याची पाळी ठरलेली. गावात महाराजांचा राज्याभिषेक साजरा व्हायला लागला तेव्हा जुन्या माणसांनी तीच चाल तिथं लावली. पाळीत मात्र आम्ही नव्हतो. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचो, उंब्रज-रहिमतपूरच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायचो आणि पाऊस तोंडावर आला की माघारी यायचो. 'तुमी गावात असता कुठं,' असं म्हणून आम्हाला बाजूला ठेवलं होतं. पुढं मेंढरं कमी झाली, बोअर मारल्या, कालवा आला, आम्हीही बागा लावल्या, तरी गाव तेच म्हणायचं. मी किती बैठकांना जाऊन बसलो असेन आणि किती वेळा चहा पिऊन उठून आलो असेन ते सांगत बसत नाही. अखेर घेतलं, ते सगळ्या वस्त्यांच्या शेवटी. ती शेवटची पाळी या वर्षी आली होती. पुन्हा फिरून येईल तेव्हा मी नसेन. यात हळवं व्हायचं काही नाही, माझं वयच तसं आहे.

घागरीचा नेमही सांगतो. विहिरीवर भरायची, हळदकुंकू लावायचं, तोंडात लिंबाचा पाला घालायचा आणि एकदा खांद्यावर घेतली की रिकामी होईपर्यंत भुईला टेकवायची नाही. वस्तीतल्या माणसाच्या खांद्यावरून वस्तीतल्याच दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर गेली तर चालतं. घरी माघारी न्यायची नाही, वाटेत ओतायची नाही. ज्याच्यासाठी भरली त्याच्यावरच ती रिकामी व्हायला हवी.

"मला टेकवता येत न्हाई," मी शिवतेजला म्हणालो.

"मग वं?"

"मग काय. पाणी घालतो, मग टेकवतो."

"आबा, मिटिंगीत ठरलंय."

"मिटिंगीत आमच्या वस्तीचं कोण हुतं?"

"ज्ञानूदा," तो म्हणाला आणि पुन्हा फोन वाजला म्हणून त्यानं तो कानाला लावला.

ज्ञानू मांडवामागं टेम्पोतून जार उतरवत होता. दोन सालांमागं त्यानं वस्तीवर पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. लग्नं, बारशी, दहावे, सगळीकडं त्याचे निळे जार जातात. मला बघून त्यानं हातातला जार उगीच पुन्हा टेम्पोत ठेवला.

"रात्री तोंडात काय धरलं हुतंस?" मी म्हणालो.

"सांगणार हुतो आबा."

"कवा? घागर खांद्यावर चढल्यावर?"

"तुमी ऐकलं नसतं."

"न्हाईच ऐकलं असतं. पर भांडून तरी झालं असतं. आता भरून बसलोय."

तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आवं, पाणी आपलंच हाय की ह्यात. आपल्याच बोअरचं. वस्तीचं पाणी पडलं म्हंजे झालं."

हे खोटं नव्हतं. पण ते मशीन मी रोज बघतो. एका नळीतून गोडं पाणी येतं आणि दुसऱ्या नळीतून जे काही राहतं ते बाभळीखालच्या ओघळीत जातं. त्या ओघळीच्या कडा मिठासारख्या पांढऱ्या झाल्या आहेत.

"जे आपलं हुतं ते तुझी मशीन ओघळीला सोडती," मी म्हणालो. "ह्या जारात ऱ्हायलंय काय?"

"पाणी," ज्ञानू म्हणाला.

रागाला कारण असतं आणि तोंडाला उत्तर नसतं, तेव्हा माणूस जास्त चिडतो. खांद्यावर भरलेली घागर असली की त्याला धड हातवारेही करता येत नाहीत.

बिराप्पा मागं येऊन उभा होता. बिराप्पा माझ्याच वयाचा, जतकडचा, आमच्या वस्तीवर जावई म्हणून आला तो इथलाच झाला. "आण गड्या हिकडं," म्हणाला, "तुजा खांदा भांडायला मोकळा ठिव." त्यानं घोंगडं घडी करून खांद्यावर टाकलं आणि घागर घेतली.

सोहळ्याचे प्रमुख पाहुणे दहाला येणार होते. दहा वाजून गेले. मांडवात गर्दी झाली. बाकीच्या वस्त्यांची माणसं हात हलवत आली होती, त्यांना निरोप पोचला होता. ती आमच्याकडं बघत आणि खुर्चीवर बसत. आम्हाला बसता येत नव्हतं. बसलं तर घागर मांडीवर येते, मांडी खुर्चीवर आणि खुर्ची भुईवर टेकलेली असते, आणि हे नेमात बसतं की नाही यावर बिराप्पाचं आणि माझं एकमत होईना. म्हणून उभेच राहिलो.

माझी नात पल्लवी, ज्ञानूची मुलगी, सांगलीला कॉलेजात शिकते. सोहळ्यासाठी आली होती. मेंढरं विकली त्या साली हात रिकामे झाले, तेव्हा तिनं मला अक्षरं शिकवली. ती शाळेतली पोर आणि मी सत्तरीला टेकलेला. साधी अक्षरं लवकर आली. जोडाक्षरांनी मात्र जीव काढला. गेल्या साली याच कमानीवरचा 'राज्याभिषेक' मी उन्हात उभा राहून एकेक अक्षर लावत वाचला आणि मग पल्लवीला विचारलं, "ह्येचा अर्थ मुकुट घालणं, न्हवं?"

"पोरं तसंच म्हणत्यात," ती म्हणाली. "पर शब्दात मुकुट न्हाई, आबा. सरांना इचारून सांगते."

तिनं विचारून सांगितलं. अभिषेक हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ शिंपडणं, ओतणं. अभि म्हणजे अंगावर, वरून. अंगावर पाणी शिंपडलं की राजा. आणि त्याच धातूपासून सिंचन. हे ऐकून मी तिला पुन्हा सांगायला लावलं. सिंचन हा शब्द आमच्या भागात शेंबड्या पोरालाही येतो. 'उपसा सिंचन योजना' हा फलक वाचता येत नव्हता तेव्हापासून आम्ही ओळखत होतो, त्याच्याखाली उभं राहून निम्मं आयुष्य कालव्याची वाट बघितली. रान भिजवतात तो आणि राजा करतात तो शब्द एकाच मुळाचा निघावा, याचं मला फार बरं वाटलं. पुढं ती म्हणाली की जुन्या ग्रंथांत राजावर कोणकोणतं पाणी घालायचं हेही दिलेलं आहे. नद्यांचं, समुद्राचं, तळ्याचं, दवाचंसुद्धा. आणि विहिरीचं. ते पाणी एकट्या भटजीनं नव्हे, राज्यातल्या वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या हातानं शिंपडायचं.

"मुकुटाचं काय मग?"

"त्यो साहेबांच्या देशातला परकार. तिकडं शब्दच मुकुटावरनं हाय. मागं टीव्हीवर दावलं न्हवं का, तिकडच्या म्हाताऱ्या राजाच्या डोक्यावर ठिवला त्यो?"

शिवतेजनंही ते टीव्हीवर बघितलं असावं. कारण नवी मूर्ती करताना त्यानं जिरेटोप वेगळा करून घेतला, साताऱ्याहून, सोन्याचा मुलामा दिलेला. दरवर्षी तो पाहुण्यांच्या हातानं चढवायचा, वरून ड्रोननं फुलं पाडायची, असं ठरवलं. पाणी आधीच मागं पडत चाललं होतं. डागांचं निमित्त नंतर मिळालं.

तसं या शब्दाचं आता काही राहिलेलं नाही म्हणा. पेपर वाचायला लागल्यापासून बघतो, कुणाच्या मुलाला तिकीट मिळालं तरी राज्याभिषेक, कुणी पतसंस्थेचा चेअरमन झाला तरी राज्याभिषेक. त्यांच्या अंगावर कुणी तांब्याभर पाणी घातल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

सोहळ्याच्या आधी मी हे सगळं शिवतेजला सांगितलं होतं. त्यानं मन लावून ऐकलं. "लय भारी, आबा," म्हणाला, "भाषणात घालू." आणि खरंच घातलं. बिराप्पाच्या खांद्यावर घागर, ऊन डोक्यावर, आणि माईकवरचा निवेदक चढ्या आवाजात सांगत होता, "बंधू-भगिनींनो, अभिषेक म्हणजे सिंचन. राजा हा प्रजेच्या हातच्या पाण्यानं राजा होतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवतेजनं लांबून मला अंगठा दाखवला.

"तुज्या नातीचं बोलणं वाटतं रं ह्ये," बिराप्पा म्हणाला.

"तिचंच हाय."

"मग आपण हितं का उभं?"

मी त्याच्याकडून घागर घेतली.

बारा वाजले. पाहुण्यांची गाडी विट्याच्या पुढं आली, असं माईकवर दोनदा सांगून झालं. जूनचं ऊन, वरून पत्र्याचा मांडव. माणसं जारांकडं सरकायला लागली. आधी पोरं, मग बायका, मग झांजपथकाची तरुण पोरं, नाचून घामाघूम झालेली. ज्ञानू एकेक जार उघडून देत होता. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आमच्या भागात तर मुळीच नाही. मूर्तीजवळ एक जार हार घालून वेगळा ठेवलेला होता, अभिषेकाचा. मी बघत होतो. झांजपथकातल्या एकानं हार उचलून बाजूला ठेवला, जार तिरका केला, आणि मागं रांग लागली.

बायकोनं, अंजनानं, मला कोपरानं ढोसलं. "त्यो बगा. महाराजांचा जार पित्यात."

"पिऊ दे की. तहानेली हायत."

"आवो, मी न्हाई कुठं म्हणते? नुसतं बगा म्हटलं."

शिवतेजला कळलं तेव्हा जारात तळाला दोन बोटं पाणी होतं आणि त्यात एक झेंडूची पाकळी. त्यानं ज्ञानूला बोलावलं. ज्ञानूनं वस्तीवर फोन लावला. लाईट गेलेली होती, मशीन बंद. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण दोघांनी एकाच वेळी माझ्याकडं बघितलं.

शिवतेज आला. एकटाच आला.

"आबा."

"बोल."

"घागर हाय न्हवं?"

"दिसत न्हाई व्हय?" बिराप्पा म्हणाला. "सकाळधरनं तुला तीच दावतोय."

"तसं न्हवं. म्हंजे द्या ती. पाहुण्यांच्या हातनं घालूया."

"आन् क्षार?" मी म्हणालो. "डाग न्हाई पडणार आता?"

"पुसून घीन की मी."

"सकाळीबी पुसून घेता आलं असतं."

घामानं शिवतेजचा फेटा कपाळावर उतरला होता. सकाळपासून तोही धावतच होता, हे मला दिसत होतं. पण मी हेका सोडला नाही. "पाणी आमच्या हातानं पडंल. घागर वस्तीच्या भाईर जात न्हाई. पाहुण्यांस्नी म्हणावं, शेजारी उभं ऱ्हावा."

"फोटोचं कसं करायचं?"

"त्येंच्या खांद्यावर हात ठिवतो की," बिराप्पा म्हणाला. "झ्याक ईल फोटू."

शिवतेजला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. "बरं, घाला तुमीच," तो म्हणाला. "आधी पाणी तुमचं, मग जिरेटोप पाहुण्यांचा. शिडीपाशी येऊन उभं ऱ्हावा."

आम्ही शिडीपाशी गेलो. मांडवापुढं उघड्यावर महाराजांची मूर्ती सिंहासनावर बसलेली, खाली उंच चौथरा. पाणी मस्तकावर घालायचं तर शिडीशिवाय इलाज नाही. मी चपला काढल्या, धोतर खोचलं, घागर नीट खांद्यावर घेतली. ज्ञानू शिडी धरायला आला. मी त्याला 'नको' म्हणालो नाही. अंजनानं पदर डोक्यावर घेतला. वस्तीच्या माणसांनी ढोल पुढं आणला. त्या वेळेला, खरं सांगतो, खांदा दुखायचा थांबला होता.

तेवढ्यात गाड्या आल्या. धुरळा उडाला, फटाके झाले. पाहुणे उतरले ते हात जोडतच मांडवात आले, त्यांच्याबरोबरची माणसं वाट करत पुढं. मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होतो. शिवतेज त्यांच्या कानाशी लागून काही सांगत होता. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मग त्यांचा आवाज आला, जवळच माईक होता म्हणून साऱ्या मांडवाला आला, "अजून कऱ्हाड हाय, मग शिरवळ. पाण्याचं तुमी मागनं सावकाश करा. आपण मुकुटाचं तेवढं घेऊन टाकू."

शिवतेज काहीतरी म्हणाला. पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शिडी एकच होती. मला खाली उतरावं लागलं. पाहुणे वर चढताना थांबले, माझ्या घागरीला बोटं लावून ती आपल्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "वा, आजोबा. परंपरा जपली पायजे." मनापासून म्हणाले. मग वर गेले. जिरेटोप चढवला, ड्रोननं फुलं पाडली, निम्मी मूर्तीवर आणि निम्मी शेजारच्या जेवणाच्या मांडवावर पडली. गजर झाला. निवेदकानं माईकवर सांगितलं, "शिवराज्याभिषेक सोहळा संपन्न झाला आहे. सर्वांनी जेवण करूनच जावं."

पाण्याचा एक थेंब पडला नव्हता.

मी शिवतेजला शोधलं. तो पाहुण्यांच्या गाडीबरोबर वेशीपर्यंत गेला होता. मांडववाला शिडी घडी करत होता. त्याला म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, "आबा, विट्याला लगीन हाय, तीन वाजायच्या आत शिडी तितं पायजे." जिरेटोप वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याच्याच माणसानं मागून स्क्रू आवळून ठेवला होता. आता पाणी घातलं असतं तरी ते टोपावर पडलं असतं. आणि घालणार कसं, चौथऱ्याखाली उभं राहून?

बिराप्पा म्हणाला, "चढ माज्या खांद्यावर."

"तुज्या खांद्यावर चढलो तर उद्या तुज्या पोराला मी काय सांगू?"

"मग मी चढतो तुज्या."

"गप ऱ्हा."

मांडव रिकामा झाला. सगळे जेवायला बसले होते, पत्रावळीवर भात वाढल्याचा वास येत होता. आम्ही वस्तीची माणसं तेवढी मूर्तीपुढं उभी. माझा खांदा आता पेटला होता. कुणाचा तरी गळा धरावा असं वाटत होतं आणि धरायला एकही माणूस सापडत नव्हता. शिवतेजनं पाहुण्यांना सांगून बघितलं होतं, पाहुणे मनापासून बोलले होते, मांडववाल्याला खरंच लग्न होतं, झांजपथकाला खरंच तहान लागली होती. असा दिवस मला सोसत नाही. एखादा तरी लबाड सापडावा लागतो.

अंजना पुढं झाली. "पल्लवी," ती म्हणाली, "तुज्या पुस्तकात काय म्हटलंय? ओतायचं का शिंपडायचं?"

"दोन्ही चालतं, आज्जी."

"मग शिंपडा की. शिडी कशाला लागती?"

मी घागर खांद्यावरून छातीशी घेतली. तिनं पाला बाजूला केला, ओंजळ भरली आणि वर फेकली. पाणी महाराजांच्या गुडघ्यापर्यंत गेलं. मग बिराप्पानं फेकलं, मग ढोलवाल्यानं, मग बायकांनी. घागर हलकी होत गेली तशी मी ती जास्त तिरकी धरली. वारा समोरून होता. जोरात फेकलं की निम्मं पाणी माघारी आमच्याच अंगावर येई. बिराप्पाची मिशी भिजली, अंजनाचा पदर भिजला, पल्लवीच्या चष्म्यावर थेंब. आम्ही वर फेकायचो आणि ते परत आमच्या डोक्यावर पडायचं. शेवटी मी एक ओंजळ घेतली. ती मांडीपर्यंत गेली. त्याहून वर माझा हात जात नाही.

ज्ञानू जेवणाच्या मांडवातून आला. हात पुसत उभा राहिला. कुणी त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यानं चपला काढल्या आणि घागरीत हात घातला. त्याचा हात लांब आहे. त्याचं पाणी छातीपर्यंत गेलं, चार थेंब दाढीलाही लागले असतील. मी घागर उपडी करून तळातलं उरलेलं पायांवर घातलं आणि मग टेकवली. भुईला लागताना तिचा आवाज झाला.

येताना मी ज्ञानूशी बोललो नाही. टेम्पोत बसा म्हणाला, बसलो नाही. अंजना बसली.

घरी तिनं खांद्याला कोमट तेल लावलं. "पडलं की वं पाणी," ती म्हणाली.

"मस्तकावर न्हाई पडलं."

"छातीला तर लागलं."

"आधी पडायचं हुतं. टोप मग."

"बरं," ती म्हणाली आणि जास्त जोरानं चोळायला लागली.

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं पेपर आणला. 'शिवराज्याभिषेक सोहळा उत्साहात', खाली पाहुण्यांचा फोटो, हातात जिरेटोप. मी सगळी बातमी वाचली, जोडाक्षरांसकट. जारवाल्याचे आभार होते, मांडववाल्याचे होते, ड्रोनवाल्याचे होते. पाणी हा शब्द कुठंच नव्हता. मला वाचता येत नव्हतं तेव्हा मी नुसता फोटो बघून पेपर घडी करून ठेवला असता.

दुपारी ज्ञानूचा फोन वाजला. तो ऐकून त्यानं फोन माझ्यापुढं धरला. कालपासून आम्ही त्या विषयावर बोललो नव्हतो.

"आबा," पलीकडून शिवतेज म्हणाला, "डाग पडल्यात. गुडघ्यापासनं छातीपतोर. लिंबू लावून बघितलं, निघंनात."

"मग ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे कसं? सांगलीवाल्याला बोलावलंय मी. परवा येतोय."

"परवा?"

"व्हय."

मी फोन ज्ञानूला परत दिला. "मला डाग बघायला घिऊन चल," म्हटलं.

"आता?"

"परवाच्या आत."

ज्ञानूनं टेम्पोतले जार खाली उतरवले आणि पुढचं दार उघडलं.